घड्याळजींची तिसरी वही

माझी मावशी चौतीस वर्षं लोकांचं लिखाण टाइप करून देत होती. औषधाच्या दुकानाच्या वर तिची एक खोली होती. जिना इतका अरुंद की वर येणारा आणि खाली जाणारा समोरासमोर आले, तर एकाला माघार घ्यावी लागे. खोलीत दोन टाइपरायटर, गिऱ्हाइकांसाठी एक बाक, कागदांचं कपाट आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. अर्ज, करारनामे, प्रबंध, जे येईल ते ती टाइप करायची. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून लोक तिला तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘पेन्सिलबाई’ म्हणत. तिला दोन्ही ठाऊक होतं. दुसरं जास्त आवडायचं.

लेखक मंडळी तिच्याकडे कधीपासून यायला लागली, ते तिला नेमकं आठवायचं. एका शिक्षिकेने एक कथा आणून दिली होती. मावशी भराभर टाइप करत गेली आणि नवव्या पानावर तिची बोटं अडखळली. पानं न्यायला बाई आल्या, तेव्हा मावशीने सहज विचारलं, “इथे काही झालं होतं का हो? मला पुढे जाताच येईना.”

बाई आधी लाल झाल्या, मग हसल्या. “तिथे मला पुढचं सुचत नव्हतं. म्हणून पाऊस पाडला.”

“मग पाऊस काढा,” मावशी म्हणाली. “सुचेल तेव्हा सुचेल.”

पाऊस गेला, कथा एका मासिकात छापून आली, आणि बाईंनी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितली. झालं. त्या गावात इतकी माणसं गुपचूप लिहीत असतील असं कोणाला वाटलं नसतं. परिचारिका आली, निवृत्त तारमास्तर आले, कपडे शिवणारी एक बाई आली. ही शिवणवाली बाई तर बाकावर टेकलीसुद्धा नाही. “माझं शिक्षण सातवी,” ती दारातूनच म्हणाली. “हसाल तुम्ही.”

“आत्ता जिना चढताना तुम्ही खालच्या दुकानदाराशी भांडत होतात ना? मी ऐकलं सगळं. तसंच लिहा. तुम्हाला सांगता येतं म्हणजे लिहिता येतं. ऱ्हस्व-दीर्घ माझ्यावर सोडा.”

मावशीचं सांगणं हे असं असायचं, हाताशी धरता येईल असं. सुरुवात जमत नाही म्हणून कुढणाऱ्याला ती म्हणायची, पहिली दोन पानं आपण नुसता घसा खाकरत असतो, ती बाजूला ठेवून तिसऱ्यापासून वाचून बघा. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्याला विचारायची, दात घासायला कसा मिळतो? रोज तीच वेळ, तीच खुर्ची, आणि पुढचं वाक्य माहीत असतानाच उठायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोरा कागद खायला उठत नाही. लिहिलेलं मोठ्याने वाचायला ती सगळ्यांनाच लावायची. जिथे धाप लागते तिथे वाक्य लांबलंय, आणि जिथे आवाज उगाच हळू होतो तिथे तुम्ही काहीतरी लपवताय, असं तिचं मत.

तिच्याकडच्या तिघांचं लिखाण छापून आलं, आणि मग मावशीच्या डोक्यात थोडी हवा गेली. हे मी म्हणत नाही, तीच म्हणायची. ती पानं परत पाठवायला लागली. “हे झालेलं नाही, घेऊन जा,” म्हणायला लागली. काका, म्हणजे तिचे यजमान, पोस्टात होते. संध्याकाळी तिला न्यायला यायचे आणि जिन्याखाली उभे राहून म्हणायचे, “लोक पानं घेऊन वर जातात आणि तोंड पाडून खाली येतात. औषधाचं दुकान खालीच आहे ते बरंय.”

त्याच दिवसांत घड्याळजी आले.

त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून, कपाटाएवढं. साठीकडे झुकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एक लेक, ती टेलिफोन खात्यात नोकरीला. उजव्या डोळ्याभोवती भिंग लावून लावून पडलेला एक गोल वण होता. त्यांनी पिशवीतून तीन वह्या काढल्या, तिन्हींना नीट कव्हर घातलेलं. अक्षर मुंगीएवढं, पण एकाही ओळीत खाडाखोड नाही.

“छापायचं नाहीये हो,” ते म्हणाले. “स्वच्छ अक्षरात असावं, एवढंच. एकाला पाठवायचंय.”

“कोणाला?”

“आहे एक.”

पहिल्या वहीत त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. वडील दोन्ही मुलांना डोळे मिटायला लावायचे आणि कानाशी एकेक घड्याळ धरायचे. नुसत्या टिकटिकीवरून कोणतं ते ओळखायचं. धाकटा दर वेळी जिंकायचा. दुसऱ्या वहीत दोघं भाऊ मोठे होत होते. धाकट्याचा हात जास्त हलका, गिऱ्हाइकं त्यालाच विचारत येत, आणि थोरल्याला त्याचा अभिमानही वाटे आणि पोटात कुठेतरी दुखेही. हे दोन्ही एकाच वाक्यात लिहिलेलं होतं. मावशीने त्या दोन वह्या नऊ दिवसांत टाइप केल्या, आणि नऊ दिवसांत पेन्सिल एकदाही अंबाड्यातून बाहेर आली नाही. इतकं चांगलं लिखाण तिच्या यंत्रातून आजवर गेलं नव्हतं. हे तिने घड्याळजींना मात्र सांगितलं नाही. तिसरी वही झाली की सांगू, असं तिच्या मनात होतं.

तिसऱ्या वहीत, चौथ्या पानावर असं होतं: ‘त्या दिवशी दुकानात एक किमती घड्याळ पडलं. वडिलांनी धाकट्याला दोष दिला. तो संध्याकाळी घर सोडून गेला.’ आणि त्यापुढे अडीच पानं आईच्या रडण्याबद्दल.

मावशीने घड्याळजींना बोलावून घेतलं.

“घड्याळ पडलं म्हणजे?”

“पडलं.”

“आपोआप? पाय फुटले त्याला?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

“दोन वह्या इतकं खरं लिहिलंत आणि नेमकं इथे येऊन पळालात,” मावशी म्हणाली. “हे पुन्हा लिहा. मी हे असं टाइप करणार नाही.”

ती मला म्हणाली, मनात माझ्या कौतुकच होतं गं. पण तोंडातून निघालं ते हेडमास्तरांसारखं.

तीन आठवड्यांनी ते वही घेऊन परत आले. आता ‘हातातून पडलं’ असं झालं होतं. मावशीने एवढंच विचारलं, “कोणाच्या?” घड्याळजी कसनुसं हसले. “तुम्हीही भिंग लावूनच बसता की,” म्हणाले आणि वही घेऊन गेले.

तिसऱ्यांदा यायला त्यांना दोन महिने लागले. या वेळी ते बाकावर बसले नाहीत. “तुम्ही वाचा. मी खाली उभा राहतो.”

मावशीने वाचलं. घड्याळ त्यांच्याच हातून पडलं होतं. धाकटा तेव्हा मागे पाणी आणायला गेला होता. वडील आत आले, फुटलेली काच बघितली आणि काही न विचारता धाकट्यावर ओरडले. आपण तोंड उघडलं नाही, असं घड्याळजींनी लिहिलं होतं. धाकटा माझ्याकडे बघत होता आणि मी पेचकस पुसत होतो, असं काहीतरी. त्यापुढे मात्र दोन पानं उपदेश होता. माणसाने सत्याची कास कशी धरावी, भावाभावांत प्रेम कसं असावं वगैरे.

मावशीने खिडकीतून हाक मारून त्यांना वर बोलावलं. तिला इतका आनंद झाला होता की ती उभीच होती.

“हेच! हेच हवं होतं. आता फक्त शेवटची दोन पानं काढा. तिथे तुम्ही भाषण करताय. पेचकस पुसत होतो, तिथेच संपवा. नीट उतरवून आणा, एका दिवसात टाइप करून देते.”

घड्याळजी दमलेले दिसत होते. “तुम्हीच मारा ना काट त्यावर.”

“छे. लिखाण तुमचं, काट तुमच्याच हाताची हवी.”

“बरं,” ते म्हणाले आणि वही पिशवीत घालून जिना उतरले.

पुढे सहा आठवडे ते आले नाहीत. मावशीला काळजी वाटली नाही. बारीक काम करणारा माणूस, वेळ लावणारच. एकदा ती त्यांच्या गल्लीवरून गेलीसुद्धा, दुकान बंद दिसलं, लिहायला घरी बसले असतील असं वाटून तिला उलट बरंच वाटलं. मग एके दिवशी दुपारी त्यांची लेक जिना चढून आली.

“बाबांची टाइप केलेली पानं न्यायला आलेय,” ती म्हणाली. “त्यांना झटका आला. उजवी बाजू गेलीय. बोलणंही गेलं.”

मावशीने दोन्ही वह्यांची पानं काढून दिली आणि न राहवून विचारलं, “आणि तिसरी?”

लेकीने पिशवीतून वही काढली. ती पातळ झाली होती. मधली पानं शिवणीपासून नीट फाडून काढलेली, कडा अगदी सरळ. पहिल्या कोऱ्या पानावर वरती दोनच शब्द होते: ‘त्या दिवशी’.

“आधीची पानं कुठे आहेत?”

“बाबांची सवयच ती. खराब भाग आधी काढून फेकायचा, मग नवा बसवायला घ्यायचा. तो बाजूला ठेवला तर गफलत होते म्हणायचे.”

लेक गेल्यावर मावशीने सगळं कपाट उपसलं. ती पानं आपण कधी टाइप केलीच नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं, तरी उपसलं. करारनाम्याला कार्बन घालणारी बाई, चार ओळींच्या अर्जाचीही एक प्रत ठेवणारी, आणि हे लिखाण तीन वेळा हातात येऊन तीन वेळा तसंच परत दिलं. दोन पानांवर एक आडवी रेघ मारायची होती. पेन्सिल डोक्यातच होती.

तिने आठवून लिहायचा प्रयत्न केला. पहिल्या दोन वह्यांतली वाक्यंच्या वाक्यं तिच्या बोटांत बसली होती, कारण ती टाइप केली होती. तिसरी वही नुसती डोळ्यांखालून गेली होती. प्रसंग आठवत होता, शब्द निसटत होते. तरी तिने दीड पान केलं आणि ते घेऊन घड्याळजींच्या घरी गेली.

खिडकीशी त्यांचा पलंग होता. तिला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. तिने दीड पान वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“असंच होतं ना?” तिने विचारलं.

“बरं,” ते म्हणाले.

मावशीला हायसं वाटलं. “पेचकसाचं वाक्य आधी होतं की नंतर?”

“बरं.”

“चुकलंय का काही?”

“बरं.”

लेक दारात उभी होती. “तेवढा एकच शब्द उरलाय,” ती हळूच म्हणाली. “पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं.”

मावशीने तो कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला. ते शब्द तिचे होते. त्यांचे म्हणून ते कोणाला पाठवायचे, हे तिच्याने होईना.

लेकीने मग धाडस केलं. वडिलांच्या जुन्या डायरीत त्यांच्या धाकट्या भावाचा पत्ता होता. तिने दोन वह्यांची टाइप केलेली पानं आणि वडिलांच्या आजारपणाचं चार ओळींचं पत्र पाठवून दिलं. बारा दिवसांनी ते स्वतःच दारात उभे राहिले. एकतीस वर्षांनी. लेकीने मावशीला निरोप पाठवला, तुम्ही पण या, ते वहीबद्दल विचारताहेत.

मावशी गेली तेव्हा धाकटे भाऊ पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर पानांचा गठ्ठा. तेही आता म्हातारे दिसत होते. चेहरा घड्याळजींचाच, फक्त डोळ्याभोवती वण नाही. त्यांनी घर सोडल्यावर पुन्हा कधी घड्याळाच्या कामाला हात लावला नाही, असं लेकीने मावशीला आत सांगितलं.

“हे मी गाडीत दोनदा वाचलं,” ते म्हणाले. “तिसऱ्या वहीत काय होतं?”

मावशीने सांगितलं. घड्याळ कोणाच्या हातून पडलं, तुम्ही कुठे गेला होतात, वडील काय बोलले, तुम्ही बघत होतात तेव्हा हे काय करत होते. जेवढं आठवत होतं तेवढं सगळं, एक शब्द वाढवला नाही.

ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, “लिहिलेलं दाखवता?”

“माझ्याकडे नाही. मी... मी ते टाइप केलं नव्हतं.”

“मग त्यांची वही?”

लेकीने वही दिली. त्यांनी कोऱ्या पानावरचे दोन शब्द वाचले. फाडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग पलंगाकडे वळले.

“दादा, ते तुझ्या हातून पडलं होतं का?”

“बरं,” घड्याळजी म्हणाले.

धाकट्यांनी पुन्हा विचारलं. “का माझ्या हातून?”

“बरं.”

धाकट्यांनी भावाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि मावशीकडे बघून म्हणाले, “तुम्ही मनाच्या चांगल्या आहात. आजारी माणसासाठी एवढी कबुली कोण रचून सांगतं!”

तेवढ्यात घड्याळजींनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर मारला. एकदा, दोनदा, मग सारखा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लेक घाबरली, पाण्याचा पेला घेऊन धावली. धाकटे खुर्चीतून उठले, “छातीत दुखतंय का? डॉक्टरांना बोलावतो,” म्हणत चपला न घालताच बाहेर गेले. मावशी मात्र जागची हलली नाही. ते काय सांगताहेत ते तिला कळलं होतं. निदान तिला तसं वाटलं. पण एकदा खोटी ठरलेली बाई आता काय बोलणार, या विचाराने ती गप्प राहिली. डॉक्टर आले, त्यांनी एक इंजेक्शन दिलं, घड्याळजी झोपले.

“मी तेव्हा त्यांना हाताला धरून मागे ओढायला हवं होतं,” मावशी मला म्हणाली. “थांबा, बघा, ते ‘मी’ म्हणताहेत, असं ओरडायला हवं होतं. मी लोकांना सांगत फिरले की पळू नका. आणि स्वतः काय केलं?”

धाकटे दुसऱ्या दिवशी परत गेले. जाताना टाइप केलेली पानं घेऊन गेले. पुतणीला त्यांची पत्रं यायची, औषधपाण्याची चौकशी असायची. दोन वेळा येऊन चार-चार दिवस राहिलेही. दोघं भाऊ खिडकीशी बसून चहा घेत. तो विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या वर्षी घड्याळजी गेले. धाकट्यांना शेवटी काय वाटत होतं, त्यांनी विश्वास ठेवला होता की नुसतंच आजारी भावाला माफ केलं होतं, ते मावशीला कधीच कळलं नाही. विचारायची तिची हिंमत झाली नाही.

त्यानंतर तिच्या खोलीत एक गोष्ट बदलली. जे येईल ते, जसं येईल तसं, ती आधी टाइप करायची. अर्धं असो, कच्चं असो, भाषण असो. कार्बन घालून दोन प्रती. एक लिहिणाऱ्याला, एक कपाटात. मग बोलणं. एक बसचालक कादंबरीची चाळीस पानं दाखवायला आला आणि “पूर्ण झाल्यावरच देतो,” म्हणाला, तेव्हा ती उठून त्याच्या हातातून पानं काढून घेऊ लागली. तो बिचारा गोंधळला. “वाईट लिहिलंय हो अजून.”

“असू दे वाईट. वाईट असलं तर सुधारता येतं. नसलंच तर काय सुधारणार?”

आणि कौतुक ती लगेच करायला लागली. आवडलं तर त्याच दिवशी, जिन्यात गाठून का होईना, सांगायची. काका म्हणाले, हिला झालंय तरी काय, आता लोक हसत खाली उतरतात. तिने त्यांनाही कारण सांगितलं नव्हतं.

मला सांगितलं ते मी सत्तावीस वर्षांची असताना. मी दोन वर्षं काहीतरी लिहीत होते आणि कोणाला दाखवत नव्हते. अजून नीट झालेलं नाही, शेवट जमत नाही, हे माझं ठरलेलं उत्तर. एका दुपारी मी तिच्या खोलीत बसले होते आणि तिने सरळ विचारलं, कुठे आहे ते? मी ठरलेलं उत्तर दिलं. तिने टाइपरायटरवर झाकण घातलं आणि हे सगळं सांगितलं, पहिल्या वहीपासून. सांगताना ती रडली नाही. 

मी तिची समजूत घालायला गेले. “पण मावशी, तुझा सल्ला काही चुकीचा नव्हता. ती दोन पानं काढायलाच हवी होती.”

“सल्ला बरोबरच होता,” ती म्हणाली. “तेच तर सलतं. चुकीचा असता तर त्या माणसाने ऐकलाच नसता.”

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मी उठून घरी गेले आणि वह्या घेऊन आले, चार होत्या, चौथी अर्धवट. मावशीने चष्मा पुसला, यंत्रात दोन कागद आणि मध्ये कार्बन सरकवला.

“नाव काय ठेवलंयस?”

“ठरलं नाही अजून.”

“मग ती जागा रिकामी ठेवते,” ती म्हणाली आणि टाइप करायला लागली.